आई 'निगेटिव्ह', बाप कॅरियर, मग मुलगा एसएस कसा? एका जीनमधल्या दोन वेगळ्या बिघाडांची केस

ही केस पूर्व विदर्भातल्या एका कुटुंबाची आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, आकडे थोडे गोल केलेत. मी जेनेटिक कौन्सेलिंगचं काम करते, त्यामुळे गोष्ट आमच्या टेबलावरून जशी दिसली तशीच लिहितेय. सिकलसेल काय असतं हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण एकाच जीनमध्ये बिघाड दोन तऱ्हेचे असू शकतात, एकात प्रोटीन चुकीचं बनतं आणि दुसऱ्यात ते खूप कमी बनतं किंवा बनतच नाही, आणि कुठली टेस्ट यातलं काय पकडते हे भल्याभल्यांसाठी गुलदस्त्यात राहतं. या केसमध्ये सगळा घोळ नेमका तिथेच झाला होता.

पार्श्वभूमी

मुलगा साडेतीन वर्षांचा. नऊ महिन्यांचा असताना पहिल्यांदा हाताची बोटं, पावलं सुजली, रडून रडून लाल. गावातल्या डॉक्टरांनी आधी काहीतरी चावलं असेल म्हणून औषध दिलं. मग दर दोन-तीन महिन्यांनी ताप, अंगदुखी, पोट फुगलेलं. सहा महिन्यांच्या आत असलं काहीच झालं नाही, तेही बरोबरच आहे, कारण तान्ह्या बाळाच्या रक्तात पोटात असतानाचं फीटल हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि त्यात बीटा साखळीच (मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमधली एक प्रोटीन साखळी, सिकलसेलचा बिघाड हिच्याच जीनमध्ये असतो) नसते, म्हणजे बीटा जीनचा बिघाड तोपर्यंत झाकलेला राहतो. ते कमी व्हायला लागलं की दुखणं बाहेर येतं.

तीन वर्षांचा झाल्यावर एकदा हिमोग्लोबिन ५.८ वर आलं, प्लीहा चांगलीच हाताला लागत होती, जिल्ह्याच्या ठिकाणी ॲडमिट करून रक्त दिलं. त्यानंतर पाचेक आठवड्यांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी टेस्ट) केली, तिच्यात हिमोग्लोबिन एस (सिकलचं) ५८ टक्के, एफ (फीटल) १७, ए (मोठ्यांचं नॉर्मल) १८ आणि उरलेलं ए२ (नॉर्मल रक्तातही थोडं असणारं) वगैरे. लॅबने लिहिलं, सिकलसेल डिसीज, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून एस आलेला, आणि ए दिसतंय ते बाहेरून दिलेल्या रक्ताचं. आता हा शेरा चुकीचा म्हणता येत नाही, कुणीही तेच लिहिलं असतं, दिलेलं रक्त तीनेक महिने शरीरात फिरत राहतं.

बाबांची तपासणी आधीच गावच्या कॅम्पमध्ये झालेली होती, ते एएस, म्हणजे एक नॉर्मल आणि एक एस जीन असलेले वाहक. आईची सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेल शोधायची स्वस्त, झटपट टेस्ट) निगेटिव्ह. तिच्या कार्डावर मोठ्या अक्षरात 'सिकलसेल नाही' असं लिहिलेलं, आणि ते कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं.

अडचण कुठे होती

आई पुन्हा गरोदर राहिली, नऊ आठवडे झालेले. तपासणीला गेली तेव्हा तिला सांगितलं गेलं की तुम्ही निगेटिव्ह आहात, तेव्हा काळजी नको. आणि तिथे आशाताईने विचारलं की असं कसं, पहिला मुलगा तर एसएस आहे नं? एक एस बापाकडून आला, दुसरा कुठून आला? मला आजही वाटतं की या पूर्ण केसमध्ये सगळ्यात नेमका प्रश्न या बाईने विचारला, आणि तिच्या हातात ना एचपीएलसीचा ग्राफ होता ना काही.

घरात मात्र या प्रश्नाचा वेगळाच अर्थ निघाला. सासूबाई म्हणाल्या, दवाखान्यात पोरगं बदललं काय? कारण साधा हिशेब होता, बाप पॉझिटिव्ह म्हणजे बापाचा संबंध जुळतो, आई निगेटिव्ह म्हणजे आईचा जुळत नाही. आई आमच्याकडे आली तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, "ताई, माझंच लेकरू आहे हे, त्याच्या कानामागे माझ्यासारखीच खूण आहे, पण हा कागद तर नाही म्हणते."

म्हणजे प्रश्न एकात एक अडकलेले. मुलाला नक्की काय आहे, आईला काही आहे का, आणि पोटातल्या बाळाला धोका किती. शिवाय दिवस मोजून होते, कारण वारेचा तुकडा घेऊन तपासायचं तर ११ ते १३ आठवड्यांत करायला सोपं जातं, आणि त्याआधी काय शोधायचं हे माहीत असावं लागतं.

जीनच्या आत काय चालतं, हे थोडं समजून घेऊ

हे टाळून पुढे गेलं तर पुढचे निर्णय कळत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

बीटा ग्लोबिनचा जीन ११ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, छोटासाच आहे, साधारण १६०० अक्षरांचा (डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी, सी). त्यातून १४६ अमिनो ॲसिडची, म्हणजे प्रोटीनच्या मण्यांची, साखळी बनते. जीनमधली तीन-तीन अक्षरं म्हणजे एक अमिनो ॲसिड. सिकलसेलमध्ये सहाव्या जागेवरचं जीएजी हे जीटीजी होतं, मधलं एकच अक्षर ए चं टी. जीएजी म्हणजे ग्लुटामिक ॲसिड, जीटीजी म्हणजे व्हॅलिन. हेच जर तिसरं अक्षर बदलून जीएए झालं असतं तर काहीच फरक पडला नसता, कारण जीएए पण ग्लुटामिकच, डीएनए बदलला तरी प्रोटीन तेच राहिलं असतं. म्हणजे एक अक्षर बदललं एवढंच ऐकून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही, कुठलं अक्षर आणि कुठे हे बघायचं.

ग्लुटामिकवर ऋण भार असतो, त्याला पाणी आवडतं. व्हॅलिनला पाणी आवडत नाही. रक्तातला ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या एका खाचेत जाऊन बसतं, मग एकाला एक चिकटत लांब दोरे तयार होतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. लक्षात घ्या, इथे प्रोटीन बनतंय, पूर्ण लांबीचं बनतंय, बऱ्यापैकी प्रमाणात बनतंय, फक्त चुकीचं आहे. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, आणि मग १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने फरक या एका अमिनो ॲसिडचा आहे हे शोधलं. सोल्युबिलिटी टेस्ट याच गुणावर चालते, रसायन टाकून ऑक्सिजन काढला की एस विरघळत नाही, नळी गढूळ होते, मागच्या कागदावरच्या रेघा दिसत नाहीत.

बीटा थॅलेसेमियाची, म्हणजे बीटा ग्लोबिन कमी बनण्याच्या आजाराची, गोष्ट वेगळी. भारतात सगळ्यात जास्त सापडणारा बदल आयव्हीएस १-५ नावाचा आहे, आणि तो प्रोटीनची माहिती असलेल्या भागात नाहीच, तो पहिल्या इंट्रॉनमध्ये आहे. इंट्रॉन म्हणजे जीनचा असा तुकडा जो आरएनए (जीनची कामाची नक्कल) बनल्यावर कापून फेकून दिला जातो आणि उरलेले भाग जोडले जातात. टेलर कापडावर खडूची खूण बघून कात्री लावतो, तसं पेशीतली यंत्रणा इंट्रॉनच्या सुरुवातीची काही अक्षरं बघून कापते. त्यातलं पाचवं अक्षर जी असायला पाहिजे, या लोकांमध्ये ते सी असतं. खूण पुसट झाली. मग यंत्रणा बऱ्याच वेळा आजूबाजूची दुसरीच, साधारण तशीच दिसणारी जागा धरून कापते, वाचन सरकतं, आणि अशा आरएनएपासून कामाचं बीटा ग्लोबिन बनत नाही. थोडे आरएनए मात्र बरोबर कापले जातात, त्यातून थोडं बीटा ग्लोबिन बनतं.

म्हणजे इथे जे प्रोटीन बनतं ते अगदी शुद्ध, नॉर्मल. फक्त खूप कमी. आणि जे नॉर्मल आहे ते सोल्युबिलिटी टेस्टला गढूळ कसं दिसणार? ही टेस्ट चुकीचं प्रोटीन आहे का एवढंच विचारते. प्रोटीन कमी आहे का हे ती विचारतच नाही.

(जाता जाता, दोन्ही एकदम करणारा बदल पण आहे. हिमोग्लोबिन ई, २६ व्या जागेवर जीएजीचं एएजी, ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये भरपूर. त्यात अमिनो ॲसिड पण बदलतं आणि शिवाय तिथे कापायची एक खोटी जागा जागी होते म्हणून प्रोटीनही कमी बनतं. त्यामुळे हे दोन कप्पे फार काटेकोर धरू नका.)

कुठले पर्याय समोर होते

पहिला सोपा पर्याय म्हणजे आईची सोल्युबिलिटी पुन्हा करणे. सॅम्पल बदललं असेल, किंवा हिमोग्लोबिन खूपच कमी असेल तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तिचं हिमोग्लोबिन ९.८ होतं, इतकं काही कमी नाही, पण पाच मिनिटांचं काम म्हणून केलंच. पुन्हा निगेटिव्ह.

दुसरा पर्याय होता मुलाची एचपीएलसी तीन महिने थांबून पुन्हा करायची, म्हणजे बाहेरचं रक्त निघून जाईल आणि खरं चित्र दिसेल. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, आणि गरोदरपण नसतं तर बहुतेक हेच झालं असतं. ते का फसलं असतं हे पुढे सांगते.

तिसरा, मुलाला बाजूला ठेवून आईवडिलांवर लक्ष द्यायचं. त्यांना कुणी रक्त दिलेलं नाही, त्यांचे रिपोर्ट स्वच्छ येतात. आईची सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) तिच्याच फाईलमध्ये पडलेली होती, पहिल्या बाळंतपणाच्या वेळची, आणि त्यात एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६४, लाल पेशी ५६ लाख. आता लोह कमी असलं की पेशी छोट्या होतात हे खरं, पण मग त्यांची संख्याही सहसा कमी असते. इथे पेशी छोट्या आणि संख्या जास्त, एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने (दहा लाखांत मोजून, म्हणजे ५.६ ने) भागलं तर ११.४ येतं, १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाची शंका घ्यायची असा जुना ठोकताळा आहे. तिला चार वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि एमसीव्ही जागचं हललं नव्हतं. हे कुणाच्याच नजरेत कसं आलं नाही? माझं मत विचाराल तर आलं असेल, पण विदर्भात सिकलसेल शोधायचा आणि थॅलेसेमिया म्हणजे सिंधी, लोहाणा, पंजाबी लोकांचा, असं जे डोक्यात बसलंय त्यामुळे कुणी पुढे विचार केला नाही.

चौथा, सरळ तिघांचा डीएनए. महाग, वेळ लागणारा, पण शेवटी बाळाची तपासणी करायची तर हे लागणारच होतं.

एक पर्याय कागदावर नव्हता तरी खोलीत होता, काहीच करायचं नाही. उपचार तसेही तेच राहणार, मग कशाला खोदायचं, असं बाबांचे मोठे भाऊ म्हणत होते. मुलापुरतं बोलायचं तर त्यांचं म्हणणं अगदी टाकाऊ नव्हतं.

काय केलं

आईची एचपीएलसी लगेच केली. ए२ ५.१ टक्के. साडेतीन ते चारच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमिया वाहक धरतात, त्यामुळे इथे संशयाला जागा राहिली नाही. लोह फार कमी असेल तर ए२ थोडं खाली येऊन चकवा देतं, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) पण बघितलं, ते ठीक होतं.

तेव्हा तिला खोलीत बसवून पहिल्यांदा सांगितलं की लेकरू तुमचंच आहे, आणि कागद खोटं बोलत नव्हता, कागदाला तेवढंच विचारलं होतं. बाबांकडून चुकीच्या प्रोटीनचा जीन आला, तुमच्याकडून कमी प्रोटीनचा जीन आला, आणि मुलाकडे नीट चालणारा बीटा जीन एकही उरला नाही, म्हणून त्याच्या रक्तात जवळपास एसच भरलंय आणि एचपीएलसीवर तो एसएससारखा दिसतो. तिने विचारलं, "म्हणजे माझ्याकडून पण गेलं नं?" या प्रश्नाला हो म्हणावंच लागतं, पण त्याच दमात हेही सांगावं लागतं की एकट्या तुमच्या किंवा एकट्या त्यांच्या जीनने मुलाला काही झालं नसतं. सासूबाई तिथेच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी त्याच सोबत आल्या.

मग डीएनए. इथे एक बारीक निर्णय होता. जगात बीटा थॅलेसेमिया करणारे शेकडो बदल माहीत आहेत, पण भारतात पाच-सहाच बदल बहुतेक केसेस व्यापतात: आयव्हीएस १-५, आयव्हीएस १-१, कोडॉन (तीन अक्षरांचा गट) ८/९ मध्ये एक जी जास्तीचा, कोडॉन ४१/४२ मधली चार अक्षरं गायब, कोडॉन १५ मध्ये टीजीजीचं टीएजी होऊन साखळी तिथेच थांबणारा, आणि ६१९ अक्षरांचा मोठा तुकडाच उडालेला. पूर्ण जीन सिक्वेन्स करावा की आधी हे नेहमीचे बघावेत? पूर्ण सिक्वेन्सिंग ऐकायला भारी वाटतं, पण साध्या सिक्वेन्सिंगमध्ये ६१९ चा उडालेला तुकडा निसटू शकतो, कारण दुसऱ्या क्रोमोसोमवरचा चांगला जीन वाचला जातो आणि सगळं नॉर्मल दिसतं. शिवाय वेळ. आम्ही आधी नेहमीचे बदल तपासले, नाही सापडले तर सिक्वेन्सिंग असं ठरलं. आईत आयव्हीएस १-५ सापडला, बाबांत सहाव्या जागेचा एस पक्का झाला, आणि मुलात दोन्ही. तोपर्यंत अकरावा आठवडा संपत आलेला.

आता गणित असं, की प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता, प्रत्येकी २५ टक्के: दोन्ही बिघाड, फक्त एस, फक्त थॅलेसेमिया, किंवा काहीच नाही. पहिला मुलगा आजारी निघाला म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही, हे तीन वेळा सांगितलं, कारण 'एक झालं आता तीन चांगले' असं ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप तयार होतं.

तपासणी करायची की नाही यावर नवरा-बायकोचं एकमत नव्हतं. बाबा म्हणाले, एकाला सांभाळतोच आहे, दुसरं तसंच आलं तरी सांभाळू. आई म्हणाली, "रात्री त्याचे पाय दुखतात तेव्हा जागी मी असते." यात मध्ये पडून मत देणं माझं काम नाही. मी एवढंच केलं की दोघांना वेगवेगळं बोलू दिलं आणि स्पष्ट सांगितलं की तपासणी केली म्हणजे गर्भपात करावाच लागतो असं नाही, नुसतं माहीत असलं तरी जन्मल्यापासून पेनिसिलिन, लसी हे वेळेवर सुरू करता येतं. हेही सांगितलं की सिकल-बीटा थॅलेसेमिया किती त्रास देईल हे आधीच नेमकं सांगता येत नाही, फीटल हिमोग्लोबिन किती टिकतं यावर बरंच अवलंबून असतं आणि तो आकडा बाळ पोटात असताना कळत नाही. दोन दिवसांनी ते तपासणी करायची ठरवून आले.

बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेतला. गर्भपाताचा थोडा धोका असतो, एक टक्क्याच्या आतला, तो लिहून आणि समजावून सही घेतली. लिंग सांगितलं जात नाही, कायद्याने गुन्हा आहे, हे पण तेव्हाच. तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना हे तपासणं फार महत्त्वाचं, कारण आईकडे आयव्हीएस १-५ आहेच, तिच्या चार पेशी आल्या तरी रिपोर्ट बिघडतो.

निकाल

बाळात एस नव्हता. आयव्हीएस १-५ होता, म्हणजे आईसारखंच, थॅलेसेमिया वाहक. गरोदरपण पुढे चाललं, मुलगी झाली, आता रांगते. तिची एचपीएलसी एक वर्षानंतर करायची आहे, आधी केली तर ए२ चा आकडा भरवशाचा येत नाही.

मुलाला कमी डोसमध्ये हायड्रॉक्सीयुरिया (फीटल हिमोग्लोबिन वाढवणारं औषध) सुरू झालं, फॉलिक ॲसिड, पेनिसिलिन, न्यूमोकोकलची लस. दुखण्याचे ॲटॅक कमी झालेत, प्लीहा अजून मोठीच आहे, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. आईच्या लोहाच्या गोळ्या फेरिटिन बघून ठरवायच्या असं झालं, एमसीव्ही कमी दिसलं की आपोआप लोह, हे बंद.

आणि ती तीन महिने थांबून करायची एचपीएलसी नंतर केली गेली, नुसतं बघायचं म्हणून. एस ६९, एफ २२, ए ४. आता हे ४ टक्के ए म्हणजे आईच्या जीनमधून बनणारं तेच थोडंसं नॉर्मल प्रोटीन. पण मशीनवर खऱ्या एसएसमध्येही त्या जागी दोन-तीन टक्क्यांचा छोटा उंचवटा दिसतो, आणि एस असलेल्या रक्तात ए२ पण खोटं वाढलेलं येऊ शकतं. एमसीव्ही कमी म्हणावं तर एसएससोबत अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनची दुसरी, अल्फा साखळी कमी बनणं) असला तरी ते कमीच असतं, आणि आपल्याकडे असं पुष्कळदा असतं. म्हणजे थांबून केली असती तरी एकट्या मुलाच्या रिपोर्टवर पुन्हा एसएस असाच शिक्का पडायची दाट शक्यता होती, आणि तोवर बाळ २२ आठवड्यांचं झालं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

मुलाला रक्त देण्याआधी दोन मिली रक्त काढून ठेवलं असतं तर पहिलाच रिपोर्ट बाहेरच्या रक्ताशिवाय आला असता. घाई असते, ५.८ हिमोग्लोबिन असताना कुणाला हे सुचत नाही हे मान्य, पण ही नळी काढून ठेवायला एक मिनिट लागतो.

मुलाचा रिपोर्ट एसएस आला त्याच दिवशी आईवडिलांची एचपीएलसी व्हायला हवी होती. बापाचं कार्ड पॉझिटिव्ह, आईचं निगेटिव्ह, आणि मूल एसएस, हे तीन कागद एकाच फाईलमध्ये शेजारी शेजारी पडून होते. जुळत नाहीत हे बघायला जेनेटिक्सची डिग्री लागत नाही, आशाताईने दाखवून दिलंच.

डीएनएचा निर्णय लवकर घेतला याबद्दल मला शंका नाही, पण आईचा ए२ यायच्या आधीच तिघांचे सॅम्पल काढून ठेवले असते तर चार-पाच दिवस वाचले असते आणि त्या दोघांना विचार करायला ते दिवस मिळाले असते.

राष्ट्रीय सिकलसेल मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी असं लक्ष्य ठेवलं गेलं, आणि एवढ्या लोकांत पहिली चाळणी म्हणून स्वस्त आणि झटपट टेस्टच वापरावी लागते, त्यात वावगं काही नाही. माझी तक्रार निगेटिव्ह आलेल्या कार्डाबद्दल आहे. गरोदर बाईचा नवरा एएस असेल तर तिच्या सोल्युबिलिटीवर थांबायचंच नाही, सीबीसी आणि एचपीएलसी करायचीच, आणि कार्डावर 'सिकलसेल नाही' च्या खाली 'यावरून थॅलेसेमिया नाही असं समजू नये' एवढी एक ओळ छापायची.

एक काम अजून अर्धवट आहे. आईच्या माहेरी दोन बहिणी आणि एक भाऊ. प्रत्येकाला वाहक असायची शक्यता निम्मी-निम्मी. मोठी बहीण तपासून गेली, तिचा ए२ नॉर्मल आला. धाकटीला लग्न ठरेपर्यंत तपासायचं नाही असं घरचे म्हणतात, नाव खराब होईल म्हणून. भावाचं लग्न ठरलंय, मुलीच्या घरी सिकलसेलचे दोन पेशंट आहेत, आणि तो फोनवर दर वेळी "पुढच्या सोमवारी येतो" म्हणतो.